वाद्यवृंदाचे दफ्तर

संगणकावर पाश्चात्त्य धर्तीची संगीतरचना करू इच्छिणाऱ्या माणसापुढे आज चालीच्याही आधी संग्रहाचा प्रश्न उभा राहतो. कारण व्हायोलिन, चेलो, हॉर्न, बासरी अशा प्रत्येक वाद्याचा एकेक स्वर, हळू आणि जोरकस, तोडून आणि लांबवून, वादकांकडून वाजवून घेऊन ज्यांत दाखल केलेला असतो अशा सॅम्पल लायब्ररी बाजारात इतक्या झाल्या आहेत, की त्यांतून एक निवडणे हाच एक स्वतंत्र उद्योग होऊन बसला आहे. सल्ला मागणारे बहुधा वाद्यांची संख्या, गीगाबाइट आणि किंमत यांचा तपशील मांडून बसतात. या व्यवसायाचा पूर्वेतिहास ज्याने चाळला असेल, तो मात्र प्रथम एकच विचारील : हे स्वर कोणत्या वास्तूत मुद्रित झाले?

या दफ्तराचा आद्य कारकून म्हणजे अमेरिकेतील हॅरी चेंबरलिन. दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या काही वर्षांत त्याने असे एक यंत्र सिद्ध केले, की पट्टी दाबताच तिच्याखालची चुंबकीय फीत फिरू लागे आणि तिच्यावर आधी मुद्रित केलेला खऱ्या वादकाचा स्वर ऐकू येई. बिल फ्रॅन्सन नावाच्या त्याच्या विक्रेत्याने 1962 साली अशी यंत्रे इंग्लंडात नेली आणि मूळ कर्त्याचा फारसा उल्लेख न करता बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंच्या कारखान्यापुढे ठेवली. त्यातून 1963 मध्ये मेलोट्रॉन जन्माला आला. त्याच्या प्रत्येक स्वराची फीत सुमारे 8 सेकंद चाले; तेवढ्यात बोट उचलले नाही तर स्वर आपोआप मावळे, म्हणून वादकाला संवादी स्वर बदलत राहण्याची खबरदारी घ्यावी लागे. बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’च्या आरंभीच्या बासऱ्या या यंत्रातल्याच, आणि त्यांचा तो किंचित डळमळणारा, ओलसर स्वर हा यंत्राचा दोष असूनही रसिकांनी गुण म्हणून स्वीकारला. ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेने मात्र या यंत्राकडे प्रारंभापासून संशयाने पाहिले, आणि तो संशय निराधार होता असे म्हणवत नाही. एकदा दिलेल्या मेहनतान्यावर वादकाचा स्वर कायमचा तैनातीत ठेवता येतो, हे तेथे प्रथमच सिद्ध झाले होते.

1979 साली सिडनीच्या पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट हे यंत्र आणले, तेव्हा फितीची जागा अंकांनी घेतली. स्मृती इतकी तोकडी, की एका नमुन्यात क्षणदोन क्षणांपेक्षा अधिक ध्वनी मावत नसे. तरीही त्याच्या ध्वनिसंचातील एका तुकड्याने जगभर संचार केला : स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘फायरबर्ड’मधील संपूर्ण वाद्यवृंदाचा एकच आघात, एका ध्वनिमुद्रिकेवरून उचललेला. ऐंशीच्या दशकातील नृत्यसंगीतात तो इतका वाजला, की अखेरीस ऐकणाऱ्याचा जीव विटला. परंतु त्या एका आघाताबरोबर मूळ मुद्रणाच्या सभागृहाचा प्रतिध्वनीही आला होता, आणि त्याचा दरारा बहुतांशी त्या प्रतिध्वनीचाच होता.

पुढच्या दशकात हे मर्म हेरले गेले. ‘वेदर रिपोर्ट’ या जॅझ संचाच्या संस्थापकांपैकी एक असलेला चेक कंत्राबासवादक मिरोस्लाव्ह व्हिटूश याने प्रागच्या रुडोल्फिनममध्ये, जेथे 1896 साली खुद्द ड्वोर्झाकने चेक फिलहार्मोनिकचा पहिला जलसा चालवला होता त्याच सभागृहात, त्याच संस्थेच्या वादकांकडून आपला संग्रह मुद्रित करून घेतला. मग 1998 साली गिगासॅम्पलर नावाच्या प्रणालीने एक साधी पण दूरगामी युक्ती काढली : प्रत्येक नमुन्याचा केवळ आरंभ स्मृतीत ठेवायचा आणि उरलेला भाग वाजत असतानाच हार्ड डिस्कवरून ओढून घ्यायचा. स्मृतीची मर्यादा अशी सुटताच संग्रहांना धरबंध उरला नाही.

या सुटलेल्या मर्यादेचा सर्वांत पद्धतशीर लाभ व्हिएन्नाने घेतला. पूर्वाश्रमी चेलोवादक असलेल्या हर्ब टुकमांडल याने 2000 साली व्हिएन्ना सिंफॉनिक लायब्ररी स्थापिली, आणि प्रतिध्वनी जवळजवळ शून्यावर आणलेले एक खास मुद्रणालय बांधवून तेथे वादकांना बसवले. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये जो सांधा पडतो तोही तेथे टिपला गेला. म्हणजे एकेका स्वरापासून सप्तकभर वरच्या आणि सप्तकभर खालच्या प्रत्येक स्वरापर्यंतचा प्रवास स्वतंत्रपणे वाजवून घेतला. एवढी चिकाटी जमाबंदीच्या अंमलदारांनीही क्वचितच दाखवली असेल. वास्तू ज्याची त्याने आपल्या संगणकावर उभारावी, हा त्यामागचा सिद्धांत. तो तर्कशुद्ध होता, पण ज्याला ती उभारता येत नसे त्याच्या हाती येणारे संगीत अचूक आणि निष्प्राण होई.

विरुद्ध पक्षही लगोलग उभा राहिला. ईस्टवेस्ट या कंपनीने 2003 मध्ये सभागृहातच मुद्रण करून वाद्याजवळचा, मंचावरचा आणि दूरचा असे मायक्रोफोनांचे तीन पर्याय दिले. 2007 मध्ये लंडनात स्थापन झालेल्या स्पिटफायर ऑडिओने हॅम्पस्टेडच्या लिंडहर्स्ट हॉलचा आश्रय केला. आल्फ्रेड वॉटरहाउसने बांधलेली ही षट्कोनी चर्चची वास्तू 1992 पासून जॉर्ज मार्टिन यांनी स्थापिलेल्या एअर स्टुडिओचे ठाणे आहे. स्पिटफायरनेच 2019 मध्ये बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राचा जो संग्रह काढला, तो मेडा व्हेलच्या मुद्रणालयात झाला. ती इमारत मुळात 1909 साली चाकांच्या बुटांवर घसरण्याची क्रीडाशाला म्हणून उभारलेली! त्या संग्रहाची सर्वांत मोठी आवृत्ती सुमारे 600 जीबीची, तर सर्वांत लहान आवृत्ती पुढल्या वर्षी विनामूल्यही मिळू लागली. नवख्याने तेथूनच आरंभ करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि व्हिएन्ना? वास्तूला हद्दपार करणाऱ्या त्या संस्थेनेच 2013 मध्ये रोझनह्यूगेलच्या जुन्या चित्रपट-वसाहतीतील विशाल मुद्रणगृह विकत घेतले आणि 2015 मध्ये ते सुरू केले.

मुंबईला हा इतिहास परका नाही. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकून आलेले वादक आणि अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा यांच्यासारखे अरेंजर यांच्या जिवावर चित्रपटसृष्टीचा वाद्यवृंद अनेक दशके उभा होता; माजोर्ड्याच्या गोन्साल्विसांनी तर 1958 मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारून पाहिला. सॅम्पलर आल्यावर व्हायोलिनांच्या त्या लांबलचक रांगा हळूहळू ओसरल्या. पण त्या रांगांतील वादक गाण्याची मींड ऐकून तीच गजावर उतरवीत, आणि प्राग, लंडन वा व्हिएन्ना येथील कोणत्याही दफ्तरात ती तशी दाखल नाही. तेथे घसीट मिळते ती ठराविक गतीची, रागाची जाण नसलेली. म्हणून आजचा जाणता मुंबईकर अरेंजर मागचा भराव लायब्ररीतून घेतो, आणि त्यावरची मुख्य ओळ वाजवायला एखाद्या जित्याजागत्या व्हायोलिनवादकाला बोलावणे धाडतो.