एकाच पाणबुडीच्या दोन फेऱ्या

२८ एप्रिल १९४३ रोजी मादागास्करच्या आग्नेयेस, भर समुद्रात, नेताजी सुभाषचंद्र बोस आणि आबिद हसन जर्मन पाणबुडीतून रबरी होडक्यात उतरले व जपानी पाणबुडीवर चढले. हा प्रसंग आपण शाळकरी वयापासून ऐकत आलो. त्या जपानी पाणबुडीचा क्रमांक मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तो होता आय-२९.

त्यापूर्वी पाचच महिने, २० नोव्हेंबर १९४२ रोजी, ब्रिटिश इंडिया कंपनीची दहा हजार टनांची आगबोट 'तिलावा' मुंबईहून मोंबासा व दरबानकडे निघाली. ७३२ उतारू, त्यांत बहुतेक हिंदी. २२२ खलाशी व अधिकारी आणि चार तोफची. २३ तारखेच्या पहाटे, सेशल्सच्या ईशान्येस सुमारे ९३० मैलांवर, पहिला पाणतीर बसला. होड्यांसाठी एकच झुंबड उडाली. तथापि बोट बुडेना, म्हणून होड्यांतील कित्येक माणसे पुन्हा तिच्यावर परतली. आणि मग दुसरा पाणतीर आला. भीतीने होडीत राहिलेले वाचावेत आणि धीर धरून परतलेल्यांवर घाला पडावा, असा तो विपरीत न्याय! २८० जण गेले. दोन दिवसांनी 'बर्मिंगहॅम' या युद्धनौकेने ६७४ जणांना उचलले. आणखी चौघे 'कार्थेज' जहाजाला सापडले.

पाणतीर सोडणारी पाणबुडी आय-२९च होती आणि दोन्ही वेळी तिचे नायक इझु हेच होते. 'तिलावा'वर ब्रिटिश निशाण होते, तोफ होती. युद्धाच्या हिशेबाने ती शत्रूचीच बोट. पण आत बसलेली माणसे आपली होती. नेताजींविषयीचा आदर तिळमात्र उणा न करताही हे दोन्ही प्रसंग एकत्र वाचावेत असे मला वाटते. आपल्याकडे पहिला तेवढा पाठ्यपुस्तकात गेला.

बोटीवर चांदीच्या २,३६४ लगडी होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने त्या मुख्यतः नाणी पाडण्यासाठी विकत घेतल्या होत्या. २०१७ मध्ये एका कंपनीने सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून त्या वर काढल्या आणि मोबदल्याचा वाद लंडनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ८ मे २०२४ रोजी निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. कारकुनी पेशामुळे माझे लक्ष आकड्यांकडे आधी जाते: लगडींचा हिशेब एकेक नगाने लागला.

आय-२९ला २६ जुलै १९४४ रोजी फिलिपाइन्सच्या उत्तरेस अमेरिकन पाणबुडी 'सॉफिश'ने बुडविले. तेही पाणतिरांनीच.