सोपाऱ्याच्या आठ बुद्धमूर्ती : स्वामित्व आणि दर्शन

वसई तालुक्यातील आचोळे गावाच्या पश्चिमेस, लोहमार्गापलीकडे, प्राचीन शूर्पारक म्हणजेच सोपारे हे गाव आहे. तेथील एका टेकाडास लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत आले. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणविले, तेव्हा तो कोट नसून विटांचा बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले. गाभ्यातील दगडी पेटीत तांब्याचा करंडक होता. त्याच्या आत, एकात एक, रुपे, दगड, स्फटिक व सोने यांचे करंडक होते. सर्वांत आतल्या करंडकातील मातीच्या १३ खापऱ्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या मानल्या गेल्या. ताम्रकरंडकाभोवती आठ लहान कांस्यमूर्ती मांडलेल्या होत्या. त्यांतील सात गौतमापर्यंतच्या बुद्धांच्या, तर आठवी भावी बुद्ध मैत्रेयाची होय.

करंडकात यज्ञ सातकर्णीचे नाणे मिळाल्याने मूळ निक्षेप इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा ठरतो. मूर्तींची शैली मात्र आठव्या-नवव्या शतकांची आहे. अर्थात मधल्या काळात स्तूप पुन्हा उघडला गेला असला पाहिजे. या प्रतिमा घडल्या त्या कोणी पाहाव्यात म्हणून नव्हे. धातूच्या सान्निध्यात कायमच्या झाकल्या जाव्यात म्हणून. त्यांचे स्वामी कोणी दाता वा विहार नव्हता, तो धातूच होता.

उत्खननानंतर हा संच मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला आणि पूज्य निक्षेपाचा 'पुरावशेष' झाला. पंडितजींचा खासगी संग्रह, त्यातील मथुरेच्या सिंहशीर्षासह, १८८८ मध्ये त्यांच्या निधनानंतर मृत्युपत्रान्वये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला मिळाला. सोपाऱ्याचा संच मात्र मुंबईतच राहिला. पुढे सोसायटीने तो काही प्रसंगी लोकांपुढे मांडला. अशा वेळी अभ्यासकाच्या दृष्टीने ते प्रदर्शन असले तरी उपासकाच्या दृष्टीने ते दर्शनच होय.

एक गोष्ट मात्र गावातून हलली नाही, ती म्हणजे टेकाडाचे नाव. उषवदाताच्या नाशिक येथील लेखात 'शोर्पारग' हे रूप येते. संस्कृत 'शूर्प' म्हणजे मराठी 'सूप', आणि सूप विणणारा तो बुरूड. शूर्पारकाचा राजा लोकांच्या तोंडी बुरूड राजा झाला असावा, असे मानण्यास येथे वाव आहे. तसे असल्यास, स्तूपाचा विसर पडल्यावरही नगराच्या नावाचा अर्थ गावकऱ्यांनी जपला, असे म्हणावे लागते. मूर्तींच्या स्वामित्वाचा इतिहास लिहिताना करंडक व दप्तरे यांच्याइतकीच या लोकनामाचीही नोंद झाली पाहिजे. ते वगळल्यास ज्या भूमीने हा निक्षेप शतकानुशतके सांभाळला तिचीच साक्ष वगळल्यासारखे होईल.