फेफऱ्यापासून ईईजीपर्यंत

1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील कन्नड गावाच्या परिसरातील बोलीत फेफरे, आकडी आणि उर्दूच्या सहवासातील मिरगी ही नावे शेजारी नांदली, तर चरकसंहितेतील अपस्मार, म्हणजे स्मृती हरपवणारा विकार, ग्रंथांपुरताच उरला. 1956 साली औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. त्याचे रुग्णालय लोक आजही ‘घाटी’ म्हणूनच ओळखतात. दवाखान्यांच्या भाषेतून ‘फीट’ हा शब्द रुळला, आणि त्यामागोमाग ईईजी आली, म्हणजे जर्मनीत हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसावर प्रथम केलेली, मेंदूतील विद्युत्‌लहरींचा आलेख काढणारी तपासणी. पुढे कायदाही बदलला: हिंदू विवाह कायद्यात 1976 साली घातलेला अपस्माराचा अडसर संसदेने 1999 मध्ये काढला. सोयरीक जुळवणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.