लोअर इंग्रजीपासून युवकभारतीपर्यंत

मराठी माध्यमाच्या मुलाने दहावीला कोणते इंग्रजी घ्यायचे, हे महाराष्ट्रात बहुधा त्याचा पहिलीतला प्रवेशच ठरवून टाकतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम या गावाची गोष्ट वेगळी नाही. शुकदास महाराजांनी १९६५ साली येथे विवेकानंद आश्रम स्थापन केला आणि पुढे त्याच्या शिक्षणसंस्थांमुळे आसपासच्या खेड्यांतल्या मुलांना दहावी-बारावीसाठी घर सोडावे लागेनासे झाले. त्याच वर्षी राज्याचा माध्यमिक शिक्षण मंडळाचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६६ रोजी पुण्यात मंडळ सुरू झाले. हिवरा आश्रमची मुले आज त्याच्या अमरावती विभागात परीक्षा देतात.

त्याआधी मराठी मुलखात इंग्रजीचा नियम एक नव्हता. मुंबई राज्यात खेर सरकारने १९४८च्या सुमारास पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढले होते. बुलढाणा तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात असल्याने तो निर्णय इकडे लागू नव्हता. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात.

जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. पुढे इंग्रजीचे दोन स्तर रूढ झाले: ‘हायर’ आणि ‘लोअर’. मराठी माध्यमाच्या मुलाचे मराठी हायर, इंग्रजी लोअर. शहरातल्या काही शाळांत हौशी मुले हायर इंग्रजी घेत. खेड्यात एका विषयाला दोन शिक्षक मिळणेच कठीण, तिथे निवडीचा प्रश्न कागदावरच राही. ‘लोअर’ हे नावही जरा लागणारेच होते. आता त्याला ‘तृतीय भाषा’ म्हणतात. पाठ्यपुस्तकेही वेगळी: प्रथम भाषेवाल्यांना ‘इंग्लिश कुमारभारती’ आणि या मुलांना ‘माय इंग्लिश कोर्सबुक’. जून २००० पासून पहिलीतच इंग्रजी आले. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले २००९ मध्ये दहावीत पोचली, तरी पाटी तृतीय भाषेचीच राहिली.

या दोन पेपरांतला फरक एका प्रश्नात स्पष्ट दिसतो. तृतीय भाषेच्या पेपरात काही शब्द, वाक्ये किंवा म्हणी आपल्या माध्यमात उतरवायच्या असतात, म्हणजे इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत चार ओळी शुद्ध मराठीत लिहून गुण मिळतात. घाबरलेल्या मुलाला त्या ओळींचा मोठा आधार असतो.

अकरावीत हा आधार जातो. कोर्सबुकवाला आणि कुमारभारतीवाला दोघांच्याही हातात एकच ‘युवकभारती’ येते. कला, वाणिज्य, विज्ञान या शाखांनुसारही पुस्तक बदलत नाही. दुसऱ्या भाषेसाठी पर्याय मिळतात. विज्ञानाची बरीच मुले मराठी सोडून माहिती तंत्रज्ञान घेतात, पण इंग्रजीला पर्याय नाही. २०२०च्या बारावीच्या पुस्तकात कादंबरीचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्यात ज्यूल व्हर्न व कॉनन डॉइल यांचे उतारे आहेत. परीक्षा ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची तोंडी. दहावीला दोन पायऱ्या ठेवून अकरावीला एकदम एकच करण्यात मंडळाकडून मधली पायरी घालायची राहूनच गेली. ती उणीव वर्गात शिक्षक भरून काढतो.

विषयांच्या यादीत तृतीय भाषा इंग्रजीचा दहावीतला संकेतांक १७ आहे. बारावीतल्या इंग्रजीचा ०१.