नगरपाल डॉ. भाऊ दाजी लाड : संपत्ती गेली, पत राहिली

एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या जडणघडणीचा विचार करताना जगन्नाथ शंकरशेट, सर जमशेटजी जीजीभाई, प्रेमचंद रायचंद ही नावे आपण आदराने घेतो. याच मालिकेत सामान्य घरातून आलेल्या एका वैद्यकाचे नाव मानाने घेतले पाहिजे, ते म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड.

गोव्यातील मांद्रे हे त्यांचे जन्मगाव. एल्फिन्स्टन संस्थेत शिकल्यावर त्यांनी काठेवाडातील बालकन्याहत्येच्या दुष्ट रूढीवर निबंध लिहून पारितोषिक मिळविले. १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत ते होते. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गोरगरिबांवर विनामूल्य उपचार केले. महारोगावरील औषधाचा शोध हा तर त्यांचा ध्यास होता.

परंतु केवळ नाडीपरीक्षेत रमणारा हा पुरुष नव्हता. २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत ‘बॉम्बे असोसिएशन’ स्थापन झाली आणि पदवी घेऊन एकच वर्ष झालेले भाऊ तिचे चिटणीस झाले. ईस्ट इंडिया कंपनीची सनद १८५३ साली नव्याने मंजूर व्हायची होती. तत्पूर्वी असोसिएशनने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडला. राज्यकारभार खर्चिक आहे, कायदे करणाऱ्या मंडळात आणि वरिष्ठ जागांवर येथील लोकांना स्थान मिळावे, असे त्यात स्पष्टपणे मांडले होते. पुढे १८६२ च्या सुप्रसिद्ध महाराज लायबल खटल्यात करसनदास मुळजी यांच्या बाजूने डॉक्टर या नात्याने साक्ष देण्याचे धैर्यही त्यांनी दाखविले.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. पैशाचा पूर लोटला, सट्ट्याचे वेड पसरले. युद्ध संपताच भाव कोसळले आणि १८६५ च्या जुलैत भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. भाऊंचीही बहुतेक संपत्ती त्यात गेली. तेजीत दान करणारे पुष्कळ असतात. मंदीत ज्याच्या शब्दाला किंमत उरते, तोच खरा मातबर, हे आपण व्यापारी जाणतो. द्रव्यहानीनंतर अवघ्या चार वर्षांनी, १८६९ साली, आणि पुन्हा १८७१ साली भाऊंना मुंबईचे शेरीफ, म्हणजे नगरपाल, नेमण्यात आले.

महापौर हे पद मुंबईत १९३१ साली आले. शेरीफ लोकनिर्वाचित नसे. सरकार त्याची एका वर्षासाठी नेमणूक करी. न्यायालयाच्या हुकमांची बजावणी आणि नागरिकांच्या जाहीर सभा बोलावणे ही त्याची कामे. सत्ता बेताचीच, परंतु मान मोठा. शहरातील सर्व जातिधर्मांच्या लोकांना ज्याच्या बोलावण्यावर यावेसे वाटेल, असा माणूस त्या आसनावर शोभे.

आपल्या समाजाने त्यांचे आणखी एक ऋण स्मरावे. जुने शिलालेख, नाणी आणि हस्तलिखिते यांचा अभ्यास करताना त्यांनी कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्य, मेरुतुंगाची थेरावली आणि कालकाचार्यांची कथा या विषयांवर इंग्रजीत शोधनिबंध लिहिले. जैन ग्रंथांतील परंपरा हे भारताच्या कालगणनेचे साधन आहे, हे त्यांनी त्या काळी विद्वानांपुढे मांडले. स्वतः जैन नसताना केलेली ही श्रुतसेवाच होय.

१८७४ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. ज्या वस्तुसंग्रहालयासाठी ते झटले, ते १८७२ साली भायखळ्यास लोकांसाठी खुले झाले होते. १९७५ साली त्यास त्यांचे नाव देण्यात आले. राणीच्या बागेत मुलानातवंडांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने शेजारच्या त्या वास्तूच्या पायऱ्याही चढाव्यात आणि तिच्या नावामागचा माणूस मुलांना सांगावा. पुढच्या पिढीच्या हाती ठेवण्यासारखी पुंजी म्हणजे पत, हे त्यांच्या चरित्रातून सहज उमजेल.