पाताळातील भूकंप

भूकंपाचा उगम फार खोल असू शकत नाही, असा शास्त्रज्ञांचा दीर्घकाळ समज होता. त्याला कारणही सबळ होते. पृथ्वीच्या पोटात उष्णता व दाब इतका, की खडक तडकण्याऐवजी मऊ होऊन वाकणार. मग भूकंप व्हावा कसा? १९२२ साली इंग्लंडच्या टर्नर यांनी काही भूकंप शेकडो किलोमीटर खोल होतात असे मांडले. परंतु त्यांच्याच गणिताने काही भूकंप जमिनीच्या वर, हवेत ठरू लागले! साहजिकच ते कोणाला पटेना.

कोडे सुटले जपानात. तेथे भूकंपमापन केंद्रांचे जाळे दाट होते. भूकंपाची पहिली लहर वेगवान, दुसरी मंद. दोहोंमधील काळावरून उगम किती दूर ते कळते. उथळ भूकंपाच्या ऐन माथ्यावर हा काळ थोड्या सेकंदांचा असतो. पण काही भूकंपांत सर्वांत जवळच्या केंद्रावरही तो अर्ध्या मिनिटाच्या पुढे गेला. म्हणजे उगम बाजूला नव्हे, खाली होता! १९२८ साली कियो वादाती यांनी हे सिद्ध केले. पुढे १९३५ मध्ये, हे उगम सागरी खंदकाकडून आशियाकडे उतरत जातात, असेही त्यांनी दाखविले. ती खाली घसरणाऱ्या सागरतळाची वाट, हे १९६० नंतर उमगले.

२०१३ साली ओखोत्स्क समुद्राखाली सुमारे ६०० किलोमीटरांवर झालेला भूकंप मॉस्कोपर्यंत जाणवला. तेथे खडक फुटतो कसा, यावर अजून एकमत नाही. जुन्या शंकेचे उत्तर आपण अजून शोधतच आहोत; घटना मात्र नाकारता येत नाही.