मुक्त आणि मोफत : पेरूच्या एका खासदाराचे पत्र

पत्रवाङ्मयाचा विचार करताना आपल्यापुढे लेखक-कवींची पत्रे येतात, फार तर राजकीय कैद्यांची. सरकारी कामकाजातील पत्राकडे संहिता म्हणून पाहण्याची आपल्याला सवय नाही. ८ एप्रिल २००२ रोजी लिमा शहरातून लिहिले गेलेले एक पत्र मात्र या सवयीला छेद देणारे आहे. लिहिणारे होते पेरूच्या संसदेचे सदस्य एदगार विय्यानुएवा, आणि पत्र होते मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या पेरूमधील महाव्यवस्थापकांना. विषय सांगितला तर साहित्याचा विद्यार्थी पान उलटेल : सरकारी कचेऱ्यांतील संगणकांवर कोणते सॉफ्टवेअर असावे. तरीही हे पत्र काही आठवड्यांतच इंग्रजीत आले आणि जगभर वाचले गेले. त्याचे कारण विषयात जितके आहे तितकेच युक्तिवादाच्या घडणीत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. २००१ च्या अखेरीस पेरूच्या संसदेत १६०९ क्रमांकाचे विधेयक मांडले गेले. शासनाच्या सर्व कार्यालयांनी मुक्त सॉफ्टवेअरच वापरावे, म्हणजे ज्याची मूळ संहिता (सोर्स कोड) तपासता, बदलता व वाटता येते असेच, अशी त्यात तरतूद होती. विंडोजच्या जागी लिनक्ससारखी प्रणाली येणार, हा त्याचा व्यवहारातील अर्थ. कंपनीने २१ मार्च २००२ च्या पत्रात त्यावर हरकती घेतल्या : विधेयक समानतेच्या घटनादत्त तत्त्वाला बाधा आणते, स्पर्धा मारते, त्यातून बचत होत नाही, सुरक्षितता धोक्यात येते. विय्यानुएवांनी उत्तरात यातली एकेक हरकत घेतली. आपल्या शास्त्रपरंपरेत पूर्वपक्ष आधी प्रामाणिकपणे मांडून मग उत्तरपक्ष करतात, तीच रीत इथे अनायास पाळली गेली आहे.

वादाचे मूळ एका शब्दात होते. इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाला स्वातंत्र्य आणि फुकटेपणा असे दोन्ही अर्थ चिकटलेले आहेत. स्पॅनिशमध्ये मात्र ‘लिब्रे’ वेगळे आणि ‘ग्रातिस’ वेगळे. मराठीतल्या मुक्त आणि मोफत यांसारखेच. आपल्याला पैसे वाचवायचे आहेत म्हणून हा खटाटोप आहे, हे गृहीतकच विय्यानुएवा नाकारतात. ते तीन तत्त्वे पुढे ठेवतात : नागरिकाला सार्वजनिक माहिती विनाअडथळा मिळावी, ती माहिती दीर्घकाळ टिकावी, आणि राज्य व नागरिक दोघेही सुरक्षित राहावेत. या तिन्हींच्या मुळाशी एक साधे निरीक्षण आहे. शासनाच्या दप्तरात जी माहिती साठते ती शासनाच्या मालकीची नसते. ती नागरिकांनी सोपवलेली असते, आणि तीही कायद्यापुढे दुसरा पर्याय नसल्यामुळे. जन्म नोंदवावा लागतो, जमीन नोंदवावी लागते. मग या नोंदी वाचण्याची किल्ली एका खाजगी विक्रेत्याच्या हाती असणे राज्याला परवडेल का? किमतीचा प्रश्न विश्वस्ताच्या कर्तव्याचा होतो तो असा.

वाचक म्हणून मला सर्वांत आवडलेला भाग वेगळाच आहे. कंपनीच्या पत्रात म्हटले होते की सॉफ्टवेअरच्या एकूण खर्चात परवान्याचा वाटा जेमतेम ८ टक्के असतो. उरलेला खर्च बसवणी, देखभाल, साहाय्य यांचा. विय्यानुएवा याच पत्रातील आधीच्या एका परिच्छेदाकडे बोट दाखवतात. तिथे कंपनीनेच म्हटले होते की मुक्त सॉफ्टवेअरमधून निर्माण होतात त्या केवळ सेवा, आणि त्यांचे मोल फारसे नाही. सेवा एका पानावर क्षुल्लक आणि दुसऱ्या पानावर खर्चाचा सिंहाचा वाटा, हे कसे? हमीच्या मुद्द्यावरही ते अशीच शांत शल्यक्रिया करतात : कंपन्यांचे परवानापत्र वाचा, त्यात नुकसानभरपाईची जबाबदारी बहुधा नवी तबकडी देण्यापुरतीच मर्यादित असते. प्रतिपक्षाची संहिता बारकाईने वाचणे, यापलीकडे यात काहीही नाही. समीक्षेच्या तासाला हे पत्र खुशाल लावावे.

दुसरे तत्त्व, माहितीच्या टिकण्याचे, पेरूमध्ये उच्चारले जावे यात मला एक औचित्य दिसते; पत्रात तसा उल्लेख नाही, हे माझेच जोडणे. इंका साम्राज्याचे दप्तर दोऱ्यांच्या गाठींत होते. खानेसुमारी, कर, कोठारातील धान्य, सगळे या ‘खिपूं’मध्ये नोंदलेले असे, आणि ते वाचणारा प्रशिक्षित अधिकारीवर्ग होता. स्पॅनिश सत्ता आली, आणि १५८३ च्या लिमा धर्मपरिषदेने जुन्या पूजाविधींशी निगडित खिपू नष्ट करण्याचा आदेश दिला. वाचणारेही कालांतराने उरले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी लेलंड लॉक या अभ्यासकाने गाठींतील दशमान आकडे उलगडले. पण आकडा कशाचा, हे बहुतेक वेळा आजही सांगता येत नाही. विय्यानुएवा ज्या आंदाहुआयलासचे, तिथेच १९११ मध्ये होसे मारिया आर्गेदास हा कादंबरीकार जन्मला. केचुआ जग स्पॅनिशमध्ये कसे उतरवावे, या पेचात त्याचे सारे लेखन घडले. असो.

मराठी वाचकाला यासाठी पेरूपर्यंत जाण्याची गरज नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल शाबूत आहेत, पण मोडी वाचणारे डोळे कमी झाले. तो बदल निदान काही पिढ्यांत झाला. १९९० च्या दशकात एखाद्या कंपनीच्या खास फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर युनिकोड आल्यावर दुसऱ्या संगणकावर उघडला, तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटे. दहा-पंधरा वर्षांत अक्षरे मुकी झाली, आणि तीही लिपी न बदलता.

पत्राची एक बाजू मला लंगडी वाटते. स्थलांतराला खर्च येईल हे विय्यानुएवा मान्य करतात, पण तो एकदाच करायचा खर्च म्हणून बाजूला ठेवतात. कचेरी म्हणजे सवयींचे वारूळ असते, याचा अंदाज त्यांना आला नसावा. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचे ठरवले. सुमारे १५,००० संगणकांचे काम २०१३ पर्यंत चालले, आणि २०१७ मध्ये त्याच नगरसभेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. लिनक्स कामाला अपुरे होते की राजकीय वारा फिरला, यावर तिथे अजून एकमत नाही.

पेरूमध्ये गोष्ट इतकीही पुढे गेली नाही. जून २००२ मध्ये अमेरिकी राजदूतांनी संसदेच्या अध्यक्षांना पत्र लिहून विधेयकाबद्दल चिंता व्यक्त केली. जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष अलेहांद्रो तोलेदो रेडमंडला जाऊन बिल गेट्स यांना भेटले, आणि शाळांच्या प्रकल्पासाठी साडेपाच लाख डॉलरांची देणगी जाहीर झाली. या घटनांत कार्यकारणभाव होता असे ठामपणे म्हणता येणार नाही. त्यांचा क्रम मात्र नोंदलेला आहे. वादात कोण जिंकले याबद्दल पत्र वाचणाऱ्याला शंका राहत नाही, पण मुक्त सॉफ्टवेअरची सक्ती करणारा कायदा काही झाला नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये २८६१२ क्रमांकाचा जो कायदा आला, त्याचा आधार तंत्रज्ञानविषयक तटस्थता हा होता : खरेदीपूर्वी प्रत्येक कार्यालयाने तांत्रिक मूल्यमापनाचा अहवाल तयार करावा, आणि मग मुक्त किंवा खाजगी, जे योग्य ठरेल ते घ्यावे.